उघड्या झडपेची कैफियत

हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम नावाच्या कर्तबगार पुरुषाने १८८४ च्या सुमारास जगाला स्वयंचलित यांत्रिक बंदूक नजर केली, तिच्या चाचण्या वर्षानुवर्षे स्वतःच्या कानांशी घेतल्या आणि उत्तरायुष्यात भरपूर बहिरेपण पदरी पाडून घेतले. आणि त्याच्याच चिरंजीवाने, हिराम पर्सी मॅक्झिमने, १९०९ साली बंदुकीचा आवाज गिळणाऱ्या नळकांड्याचे पेटंट मिळवले. तीर्थरूपांनी करावे आणि चिरंजीवांनी निस्तरावे ही रीत आपल्याकडच्या घराण्यांतही अनोळखी नाही. परंतु येथे चिरंजीवांची शांतता बाजारात येईपर्यंत तीर्थरूपांना ती विनामूल्य प्राप्त झालेली होती. बंदुकीचे हे नळकांडे आणि मोटारीचा सायलेन्सर ही एकाच कल्पनेची भावंडे होत. जोराने सुटलेल्या वायूला एकदम बाहेर न सोडता दालनांतून, आडभिंतींतून, बारीक छिद्रांतून फिरवावे, दमवावे, निववावे आणि मगच निरोप द्यावा, एवढेच त्यातले शास्त्र. तावातावाने सरकारी कचेरीत शिरलेला अर्जदार सात टेबले फिरून बाहेर पडताना जितका नरम झालेला असतो, तितकाच नरम होऊन इंजिनाचा धूर मागच्या नळीतून बाहेर पडतो.

अशी दमवणूक सर्वांनाच रुचते असे नाही. अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतातील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मोटारींना, चालकाच्या पायाशी, एक खटका दिसू लागला, की जो दाबला असता सायलेन्सर बाजूला राहून धूर थेट बाहेर पडे. या खटक्याचे अधिकृत समर्थन असे होते की, सायलेन्सरमुळे इंजिनाचा श्वास कोंडतो, सबब चढावर शक्ती कमी पडते, आणि चढापुरती ही सवलत चालकाला असावी. सवलत मिळताच, ज्या गावांची भूमी आट्यापाट्यांच्या पटांगणासारखी सपाट होती तेथेही चढ वारंवार लागू लागले, आणि मुख्य बाजारपेठेत व मुलींच्या शाळेसमोर तर ते विशेष उभे असत. अखेर अनेक शहरांनी खटक्यावर बंदीचे फर्मान काढले. इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे तर १९०७ साली केवळ शर्यतींसाठी बांधलेला पहिला मोठा मार्ग होता. वेग आणि गर्जना यांचे ते क्षेत्रच म्हणावयाचे. परंतु आसपासच्या बंगल्यांतील शांतताप्रिय मंडळींनी तक्रारींचा असा तगादा लावला की, पुढे शर्यतीच्या मोटारींनाही तेथे सायलेन्सर लावून धावावे लागले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, आजच्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या नळीत जी झडप बसवलेली असते, आणि जिच्यासाठी ग्राहक गाडीच्या किमतीवर आणखी काही लाख रुपये आनंदाने मोजतो, ती त्याच खटक्याची नात आहे. फक्त ती शिकलेली आहे. या झडपेचा इंजिनाच्या पोटातील झडपांशी गोंधळ करू नये. त्या श्वासोच्छ्वासासाठी असतात. ही केवळ बोलण्यासाठी आहे. इंजिनाचे फेरे कमी असताना ती मिटलेली असते आणि धुराला सातही टेबले फिरावी लागतात. फेरे वाढले की ती उघडते आणि धूर मागच्या दाराने थेट साहेबांच्या खोलीतून रस्त्यावर येतो.

आता या बोलण्याचे थोडे गणितही पाहिले पाहिजे, कारण शौकीन मंडळी ज्याला इंजिनाचा आत्मा म्हणतात तो प्रत्यक्षात भागाकाराने काढता येतो. नेहमीच्या चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक नळकांड्यात दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. एकाच नळकांड्याची मोटारसायकल मिनिटाला हजार फेरे घेत उभी असेल, तर सेकंदाला आठ-सव्वाआठ ठोके पडतात. ते वेगवेगळे ऐकू येतात आणि म्हणून त्यांत ताल आहे. आठ नळकांड्यांची मोटार मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर नेली, की सेकंदाला पाचशे तेहेतीस स्फोट होतात. तेथे ताल संपून सूर सुरू होतो, आणि तो सूर पेटीवर शोधू गेल्यास तार सप्तकातील पांढरी एकच्या किंचित वर सापडतो. फेरारीसारख्या इटालियन आठ-नळकांडी इंजिनांत नळकांड्यांच्या दोन्ही ओळींतून हे स्फोट समान अंतराने येतात, म्हणून ती तान स्वच्छ लागते. जुन्या वळणाच्या अमेरिकन इंजिनांत प्रत्येक ओळीतील क्रम विषम असल्यामुळे आवाज घोगरा, अडखळता, गुळणी केल्यासारखा येतो. दोहोंचेही घराणे आहे, दोहोंचेही कट्टर श्रोते आहेत, आणि एका घराण्याचा श्रोता दुसऱ्याविषयी जे बोलतो ते, आपल्याकडील संगीत मंडळांच्या मध्यंतरात चहा पिताना जे बोलले जाते, त्याहून फारसे भिन्न नाही.

झडप शिकलेली आहे असे मी म्हणालो त्याचा दाखला द्यावयास हवा. मोटारीचा आवाज मोजण्याची संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ठरलेली एक पद्धत आहे. एक्कावन्न क्रमांकाचा विनियम या नावाने ती यंत्रज्ञांना परिचित आहे. तिची मूळ रीत अशी: मोकळ्या जागी वीस मीटर लांबीचा पट्टा आखावा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने त्याच्या तोंडाशी आणावी. तेथे पायाखालचे पेडल पूर्ण दाबावे. आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस साडेसात मीटरवर, जमिनीपासून एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीवर, मायक्रोफोन ठेवून कमाल आवाज टिपावा. युरोपात २०१६ पासून साध्या मोटारींना या कसोटीच्या नव्या रूपात ७२ डेसिबलांची मर्यादा लागू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ६८ पर्यंत उतरवण्याचे ठरले. बुटक्या, अतिबलवान स्पोर्ट्स कारांना मात्र ७५ पासून ७२ पर्यंत थोडी अधिक मुभा मिळाली, कारण कायदा करणारेही शेवटी माणसेच असतात. आता ज्या परीक्षेचे स्थळ, वेळ, वेग आणि परीक्षकाची उंचीसुद्धा अगोदर जाहीर झालेली आहे, त्या परीक्षेत नापास होण्यास विशेष प्रतिभा लागेल. झडपेला ती प्रतिभा नव्हती. ताशी ५० च्या आसपास ती अशी मिटून बसे की तिच्या तोंडी ब्र नाही, आणि तो वीस मीटरांचा पट्टा ओलांडून काही अंतर गेल्यावर तिला कंठ फुटे. हे ध्यानात आल्यावर विनियमाच्या सुधारलेल्या आवृत्तीत, इतर वेगांनाही आवाज तपासण्याची कलमे घालावी लागली.

इतकी शालीन, कायद्याचे कलम-पोटकलम जाणणारी झडप हाती आल्यावर मालकाने तिचा गौरव करावयाचा. परंतु गाडी घरी आल्यावर तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे झडप कायमची उघडी ठेवण्याची तजवीज. बऱ्याच गाड्यांत ही झडप निर्वाताच्या, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत व्हॅक्यूमच्या, ओढीने मिटते आणि ओढ नाहीशी झाली की स्प्रिंगने आपोआप उघडते. म्हणजे कारखान्यातील शंभर अभियंत्यांच्या तपश्चर्येवर पाणी ओतण्यास एक बोटभर रबरी नळी उपटणे पुरेसे होते. नळीचे तोंड मोकळे राहू नये म्हणून त्यात काहीतरी ठोकावे लागते, आणि त्या कामी, गोल्फचा चेंडू ज्यावर ठेवतात ती लाकडी खुंटी उत्तम बसते असा शोध परदेशांतील मालकांनी फार पूर्वीच लावून ठेवला आहे. काही शेव्हरोले कॉर्व्हेटांच्या मालकांस तेवढाही खटाटोप नको. त्यांनी एक फ्यूज उपटून खिशात घातला की झाले. घराच्या किमतीची गाडी आणि तिच्या आत्म्याची गुरुकिल्ली म्हणजे चार आण्यांची खुंटी, हे प्रमाण पाहून वेदान्त्यांना आनंद होईल. अलीकडच्या गाड्यांत झडपेला विजेची छोटी मोटर असते आणि तिची तार काढली तर समोर पिवळा दिवा लागून गाडी रुसते. म्हणून आता त्या दिव्याची समजूत घालणारी आणि झडप रिमोटने उघडणारी निराळी उपकरणे विकत मिळतात. थोडक्यात, आवाज बंद करण्याचे यंत्र, ते उघडण्याचे यंत्र, ते उघडलेले कळू न देण्याचे यंत्र, अशी ही तीन मजली इमारत असून तिन्ही मजल्यांचे भाडे एकच गृहस्थ भरतो.

असे एक गृहस्थ आमच्या पुण्यातील वसाहतीत राहतात. ते दंतवैद्य आहेत. दिवसभर ज्या माणसाच्या कानी दातावर फिरणाऱ्या यंत्राची ती बारीक, हाडापर्यंत जाणारी शीळ पडत असते, त्याला सायंकाळी खर्जातील काहीतरी ऐकावेसे वाटले तर त्यात अस्वाभाविक काही नाही, असे मी त्यांच्या वतीने नेहमी सांगत आलो आहे. त्यांच्या परदेशी गाडीला आयातकरासह जी किंमत पडली तिचा आकडा ते सांगत नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती सांगतात, आणि तोही उसासा मिसळून. गाडीचे पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंचीचा आणि ३.७ मीटर रुंदीचा, गोलसर असावा असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन असले, तरी आमच्या नगरातील गतिरोधक हे स्थानिक प्रज्ञेचे स्वतंत्र आविष्कार असल्याने, ताशी तीनशे किलोमीटरची ऐपत असलेली ती गाडी, फाटकापासून जिन्यापर्यंत, तिरकी तिरकी होत, पालखीच्या वेगाने येते. परंतु काय तो आवाज! लोचट म्हाताऱ्या कबुतरांनी तीस वर्षांत जी खिडकी सोडली नव्हती ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात रिकामी केली. रात्री साडेअकराला गाडी मुख्य रस्त्याला वळली की फाटकावरचे वॉचमन मामा झोपेतून उठून आडवा दांडा वर करतात. डॉक्टरांना कधी क्षणभर थांबावे लागल्याचे कोणी पाहिले नाही.

रात्री साडेअकराची ही सेवा पाहून वसाहतीच्या सेक्रेटरींनी विशेष सभा बोलावली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल असल्याचे त्यांनी नियमावलीतून वाचून दाखवले आणि आपल्या फोनवर मोजलेला आकडा ८५ असल्याचे जाहीर केले.

“अहो, मग दुप्पटसुद्धा नाही की!” डॉक्टर म्हणाले.

त्यावर भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, जे आजवर केवळ पाण्याच्या टाकीच्या विषयावर बोलत असत, ते उठले आणि त्यांनी समजावून सांगितले की, डेसिबलांचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो. दर दहा डेसिबलांस ध्वनीची ऊर्जा दहापट होते. सबब चाळीस डेसिबलांचा फरक म्हणजे दहा हजारपट. सभा स्तंभित झाली. परंतु डॉक्टरही विज्ञानशाखेचेच. “सर, ऊर्जेचे सोडा,” ते नम्रपणे म्हणाले, “कानाला दर दहा डेसिबलांस आवाज साधारण दुप्पटच वाटतो ना? मग सोळापट झाला. दहा हजार कुठे आणि सोळा कुठे!” प्राध्यापकांना हे मान्य करावे लागले, कारण ते खरे होते. दोन्ही पक्ष सत्यवादी निघाल्यामुळे पेच पडला, आणि सेक्रेटरींनी आपल्या चाळीस वर्षांच्या बँकेतील अनुभवास स्मरून इतिवृत्तात “सरासरी पाच हजार आठपट” अशी तडजोड नोंदवली, व ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली.

कायद्याकडे जावे तर तेथेही मौज आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू नये असे सांगते, आणि आवाजाच्या मर्यादेच्या भंगाबद्दल कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या कसुरीस दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमांचा सर्वांत दृश्य अंमल आपल्याकडे बुलेटवर झालेला आहे. १९५५ पासून मद्रासेत जुळणी सुरू झालेल्या या मोटारसायकलीचा ठोका म्हणजे गावच्या सधनतेची नाडी असे. पाटील येत आहेत की फौजदार, हे दृष्टीला पडण्यापूर्वी वेशीवर कळे. पुढे नव्या इंजिनांत हा ठोका सौम्य झाला तेव्हा जुन्या शौकिनांनी जो शोक केला तो खराच होता. त्या शोकातून आणि बाजारातील कल्पकतेतून फटाका सायलेन्सर जन्मास आला, आणि मग महाराष्ट्रातील शहरोशहरी पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर भर रस्त्यात ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याचे सोहळे सुरू झाले. हा दंडविधी मला मनापासून मान्य आहे. फक्त एक विषमता खटकते. बुलेटवाल्या पोराची पुंगळी बाहेर लटकते, चकाकते, आणि दोन पान्यांनी निघते. तिला रोडरोलर आहे. डॉक्टरांची झडप कारखान्यातूनच आलेली, कागदोपत्री मंजूर, नळीच्या आत, आणि उपटलेली रबरी नळी इंजिनाच्या खाली कोठेतरी. तिला चिरडावयास कोणते अवजार आणावे? श्रीमंतांचे गुन्हे नेहमी आतल्या बाजूस असतात.

बरे, आवाजावर मालकी सांगण्याची आकांक्षाही केवळ आमच्या डॉक्टरांचीच नाही. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ साली आपल्या इंजिनाचा ध्वनी हेच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळावे असा रीतसर अर्ज अमेरिकी दप्तरी केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, वर्षे लोटली, आणि २००० साली कंपनीने तो निमूटपणे मागे घेतला. आमच्याकडे पूर्वी भालदार-चोपदार असत आणि महाराज चार पावले चालले तरी त्यांच्या पदव्यांची ललकारी अगोदर जाई. त्या ललकारीत महाराज किती वेगाने चालतात याचा उल्लेख नसे, आणि ते कोणी विचारतही नसे. संस्थाने खालसा झाली, चोपदार निवृत्त झाले; परंतु येण्याची आगाऊ वर्दी लोकांना मिळावी ही मूळ गरज खालसा करण्याचे कलम कोणत्याही विलीनीकरणाच्या करारात नव्हते. ती गरज आज नळीतून भागवली जाते. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात उन्हाळ्यात आखाती देशांतून हौशी तरुण आपल्या गाड्या विमानाने आणतात आणि ताशी पंधरा-वीसच्या वेगाने त्याच चार रस्त्यांवर प्रदक्षिणा घालतात, त्याचे दुसरे काय स्पष्टीकरण देता येईल? पॅरिसमध्ये तर चार मायक्रोफोनांचे यंत्र दिव्याच्या खांबावर बसवून गोंगाट करणारी गाडी नेमकी कोणती हे हुडकण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे ज्याला लक्ष वेधून घ्यावयाचे आहे त्याच्याकडे लक्ष देण्यासाठी अखेर सरकारला यंत्र नेमावे लागले.

याहून विलक्षण प्रकार गाडीच्या आत घडतो. गाड्या जितक्या महाग तितक्या त्यांच्या काचा जाड, दारे भरीव. बाहेरची ललकारी आत बसलेल्या महाराजांनाच नीट ऐकू येत नाही. त्यातून टर्बो आला, आणि टर्बोची पाती धुराचा जोर स्वतःच खाऊन टाकत असल्याने मूळ आवाजच ओसरला. म्हणून बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ गाडीत इंजिनाचा आवाज गाण्याच्या स्पीकरांतून आत ऐकवण्याची व्यवस्था केली. लेक्ससच्या एलएफए या गाडीसाठी तर वाद्ये बनवणाऱ्या यामाहाला पाचारण करून इंजिनाचा खराखुरा नाद आत वळवून आणला गेला. त्या कामात निदान कारागिरीचे इमान आहे. स्पीकरचे मात्र मला समजत नाही. आमचे डॉक्टर बाहेर पाच हजार आठपट देत असता, आत त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपक चालू असतो, ही व्यवस्था पाहिली म्हणजे जेवणावळ घालून यजमानाने स्वतः डबा मागवावा तसे होते.

आणि आता विजेच्या मोटारी आल्या. त्या इतक्या मुक्या निघाल्या की पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, त्यांचा सुगावाच लागेना. तेव्हा युरोपने जुलै २०१९ पासून नव्या धाटणीच्या विजेच्या गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज केलाच पाहिजे असा नियम घातला. ज्या दप्तरातून ‘गप्प बसा’ हा हुकूम शतकभर सुटत होता, तेथूनच ‘बोला, नाहीतर दंड होईल’ हे फर्मान निघाले. अमेरिकेत डॉज कंपनीने आपल्या विजेच्या चार्जर गाडीस, जिला धूर नाही, स्फोट नाही, नळकांडे नाही, ध्वनिवर्धक बसवून जुन्या आठ-नळकांडी इंजिनासारखी डरकाळी फोडण्याची सोय करून दिली. पर्सी मॅक्झिमच्या आत्म्याने यावर काय म्हणावे हे मी सांगू शकत नाही; त्याच्या तीर्थरूपांना मात्र ऐकू आले नसते.

गेल्या दिवाळीत आमच्या डॉक्टरांनी आपली गाडी विकून विजेची मोठी गाडी घेतली. कारण काय ते त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी सांगितले, आणि यावेळी उसासा नव्हता. सभेत त्यांचे अभिनंदन झाले, प्राध्यापकांनी पुष्पगुच्छ दिला, कबुतरे परतली. नव्या गाडीची ती कायदेशीर, मुळमुळीत गुणगुण मुख्य रस्त्यावरून फाटकापर्यंत येता येता विरून जाते, आणि रात्री साडेअकराला डॉक्टर फाटकाशी येऊन उभे राहतात तेव्हा वॉचमन मामा गाढ झोपलेले असतात. डॉक्टर आधी दिवे उघडझाप करून पाहतात. मग काच खाली करून “मामा, ओ मामा” अशी दोनदा हाक मारतात. मग हॉर्न वाजवतात. आणि विजेच्या गाडीचा हॉर्न, प्राध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी मोजून सेक्रेटरींच्या हवाली केलेल्या आकड्याप्रमाणे, जुन्या झडपेहून पुष्कळ वरचा आहे. विशेष सभेची सूचना जिन्याखालच्या फलकावर लागली असून, सरासरी कशी काढावयाची यावर या खेपेस अगोदरच मतभेद झाले आहेत.